कलमाची पट्टी उघडून बघू नये

आधी चप्पल गेली.

सकाळी रोपांना पाणी घालून मी शेडनेटमधून बाहेर आले, तर माझी मुलगी तेजल म्हणाली, "आई, डाव्या पायात चप्पल नाही तुझ्या."

खाली बघितलं. खरंच नव्हती. मागे गुलाबांच्या वाफ्याशी चिखलात रुतून बसली होती. तिथून इथपर्यंत मी एका पायाने अनवाणी चालत आले होते आणि मला पत्ता नव्हता. झोप झाली नसेल, असं म्हणून मी चप्पल उचलली, नळाखाली धुतली आणि कामाला लागले.

भिवंडीकडे वडप्याजवळ हायवेला लागून आमची रोपवाटिका आहे. दोन्ही बाजूंना गोडाऊन, मध्ये आम्ही. सोसायटीवाले अशोक आणि क्रोटन नेतात, गोडाऊनचे मॅनेजर गेटजवळ ठेवायला कुंड्या नेतात, ट्रकवाले जाता जाता तुळस नेतात. पण आमचं नाव आहे ते आंब्याच्या कलमांचं, आणि कलमं मी बांधते. नवरा कापडाच्या लूमचा मेकॅनिक. त्याचे हात लोखंडाला चांगले, झाडाला नाहीत. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, म्हणून इथेही लिहिते.

मला झाला तोच आजार शेलार गावातल्या एका बाईला झाला आहे. तिला मी भेटायला गेले होते. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, वळली नाही. मीही तशीच पडले होते, त्यामुळे मला राग आला नाही. तोंडाने सांगायचं राहिलं ते लिहून देते. तिला वाटेल तेव्हा तिने वाचावं. आणखी कोणाच्या उपयोगी पडलं तर चांगलंच.

निदानाचा दिवस

होळीच्या आधी पोट बिघडलं होतं. ते बरं झालं, मग ती चप्पल निसटली आणि पायांना मुंग्या सुरू झाल्या. मग जिना चढवेना. मग एका सकाळी चहाचा कप उचलला आणि तो सरळ मांडीवर सांडला. गरम लागला नाही. तेव्हा नवरा म्हणाला, "आता बस झालं. ठाण्याला जायचं."

ठाण्याच्या हॉस्पिटलात पाठीतलं पाणी काढलं, हातापायांना वायरी लावून तपासलं आणि दुपारी एक तरुण डॉक्टर आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव घेऊन आले. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं, असा त्याचा अर्थ.

नवऱ्याने त्याच्या पद्धतीने विचारलं, "म्हणजे वायरच्या वरचं कव्हर गेलं?"

"साधारण तसंच."

"नवीन चढतं का?"

"चढतं. बहुतेकांना चढतं. पण वेळ लागतो. किती लागेल आणि किती भरून येईल, ते आज सांगता येणार नाही."

मी विचारलं, "हात?"

डॉक्टर माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "बघू."

अशा वेळी बायका रडतात, निदान रडावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. सिस्टरने पाण्याचा ग्लास आणून ठेवला, नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला काही झालं नाही. शेडनेटमधला पाइप कोणी बंद केला असेल का, एवढंच डोक्यात येत होतं. ते मी बोलूनही दाखवलं. नवरा बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

हे मी मुद्दाम लिहिते. रडू आलं नाही म्हणून आपल्यात काही कमी आहे, असं समजू नका. तेव्हा जे येत नाही, ते येत नाही.

आंब्यांची नावं

या आजारात खरी भीती श्वासाची असते. बधिरपणा पायांतून वर चढत छातीपर्यंत येऊ शकतो. म्हणून सिस्टर ठरावीक वेळाने यायच्या आणि एका श्वासात जमतील तेवढे आकडे म्हणायला लावायच्या. आकड्यांचा मला कंटाळा आला. मी आंब्यांची नावं घ्यायला लागले. हापूस, पायरी, केसर, रत्ना, सिंधू, तोतापुरी, लंगडा, दशेरी, गोवा मानकुर.

"मावशी, आकडे म्हणा हो. मला लिहायचंय."

"नावं मोजा ना तुम्ही."

सिस्टर हसल्या आणि खरंच बोटांवर मोजायला लागल्या. त्या दिवशी मी मानकुरपर्यंत गेले. पुढच्या दिवशी तोतापुरीशी अडकले. त्या संध्याकाळी केसरच्या पुढे गाडी गेली नाही. सिस्टरची मोजायची बोटं तशीच उघडी राहिली. मग त्या पळत गेल्या आणि मला आयसीयूत हलवलं.

आयसीयूबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तोंडावर मास्क, हातात सुई, पाच दिवस चालणारं इंजेक्शन, लघवीची पिशवी. डास चावला तर मारता येत नाही आणि मारा म्हणून सांगताही येत नाही. मरणाचा विचार आला, पण तो दुसऱ्याच कोणाबद्दल असावा तसा आला आणि गेला. तिथल्या मावशी रोज माझे केस विंचरायच्या. डोक्याला स्पर्श कळत होता. दिवसातून तेवढंच कळायचं, म्हणून मी त्याची वाट बघायचे.

मग एक दिवस एका श्वासात सिंधूपर्यंत पोचले. मग लंगड्यापर्यंत. मास्क निघाला. बधिरपणा वर चढायचा थांबला होता. खाली उतरायचं मात्र त्याच्या मनात नव्हतं.

काडेपेटीतली काडी

डॉक्टर तपासताना टूथपिकने तळव्याला टोचत आणि विचारत, "कळतंय?" नवऱ्याने ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून काडेपेटीतली काडी खिशात ठेवायला सुरुवात केली. सकाळी आला की चादर वर करायचा, अंगठ्याला टोचायचा.

"कळतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"हलव बघू."

हलायचा नाही. तो काडी परत खिशात ठेवायचा आणि त्याचा चेहरा उतरायचा. मग तो चेहरा दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर राहायचा.

वॉर्डात हलवल्यावर भेटायला लोक येऊ लागले आणि सगळेच टोचू लागले. चुलत जावा, नणंद, लूमवरचे त्याचे दोस्त. नारळपाणी बाजूला ठेवायचं, चादर उचलायची, अंगठा धरायचा. "वहिनी, थोडा तरी हलवा. मनापासून करा, होतंय." जसं काही मी आळसाने पडले होते. सासूबाई एकदाच आल्या. त्यांनी टोचलं नाही. उशाशी बसून म्हणाल्या, "हात न्हाय चालत तर न्हाय. तोंड हाय ना चालू? मग घर चालतंय."

आता कलमाचं सांगते, म्हणजे मला एवढा राग का यायचा ते कळेल.

पावसाळ्यात रायवळ, म्हणजे गावठी आंब्याची कोय रुजते आणि कोवळं, तांबूस रोप वर येतं. ते आखूड छाटायचं, मधोमध चिरायचं. हापूसची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. सालीला साल भिडली पाहिजे. डोळ्यांना ते पूर्ण दिसत नाही, अंगठ्याच्या पेराला कळतं. वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. काडीवर बर्फाच्या कांडीची असते तसली लांबट पिशवी टोपीसारखी चढवायची. सावलीत ठेवायचं. मग काही करायचं नाही.

हे काही न करणं लोकांना जमत नाही. कलम धरलं की नाही ते बघायला लोक पट्टी सोडतात. आत दोन साली एकमेकींना नुकत्या चिकटत असतात. पट्टी सोडली की हवा लागते, काडी हलते, संपलं. मग वाळलेलं कलम घेऊन आमच्याकडे भांडायला येतात. "ताई, मी काहीच केलं नाही. फक्त बघितलं." म्हणून मी गेटवर पाटी रंगवून लावली आहे: कलमाची पट्टी उघडून बघू नये. बघितल्यास बदलून मिळणार नाही.

एके सकाळी नवऱ्याने काडी काढली तेव्हा मी म्हणाले, "अहो, गेटवरची पाटी वाचली आहे का तुम्ही कधी?"

"मीच खिळे ठोकले तिचे."

"मग ती काडी फेका. कोंब यायचा तेव्हा दिसेल. रोज उघडून बघू नका."

त्याने काडी फेकली. नंतर तेजलने सांगितलं, की त्याने ती खिडकीतून फेकली आणि खाली उभ्या असलेल्या वॉचमनने वर बघून शिव्या घातल्या.

घरी

घरी आणलं तेव्हा मला धरून बसवावं लागत होतं. ओट्यावर खाट टाकली. तिथून शेडनेट दिसतं.

घरातल्यांचे हाल झाले, ते लपवत नाही. नवऱ्याने लूमवरच्या ड्युट्या कमी केल्या. तेजल दापोड्याच्या गोडाऊनमध्ये बिलिंगला आहे, ती शिफ्टच्या आधी आणि नंतर पाणी घालायची. सासूबाई मला भरवायच्या. आणि मी ओट्यावरून हुकूम सोडायचे. तिकडे जास्त पाणी झालं. ती कुंडी उन्हात का? जास्वंदीला खत कोणी घातलं?

एकदा तेजलने पाइप तिथेच टाकला. "आई, मी काय तुझी कामवाली आहे का? बारा तास उभं राहून येते मी. एकदा तरी म्हण की बरं केलंस."

ती रडायला लागली. मी बघत राहिले. पोटची मुलगी समोर रडते आहे आणि मला आत काहीही होत नाही, याची मला त्या वेळी भीती वाटली. बधिर फक्त हातपाय आहेत की सगळंच, असं वाटलं. मी एवढंच म्हणू शकले, "बरं केलंस." ते तिला खोटं वाटलं असणार. मलाही वाटलं.

आंब्यांचे दिवस होते. मला भरवून झालं की मी सांगायचे, कोयी टाकू नका, धुऊन सावलीत ठेवा. नवऱ्याने विचारलं, "यंदा कशाला? बांधणार कोण?"

मी म्हणाले, "रुजत तर घाला."

लोकांना वाटतं ही आशा. आशा वगैरे काही नव्हती. कोयी त्याच दिवसांत मिळतात, नंतर मिळत नाहीत, इतकंच. पुढचं माहीत नसलं तरी त्या दिवसांचं काम त्या दिवसांत करून ठेवायचं, हे मला तेवढं येतं.

रुबिना

फिजिओथेरपीला रुबिना यायची. भिवंडीतल्या जुन्या व्यापारी घराण्यातली पोरगी, स्कूटीवरून भर उन्हात यायची आणि आल्या आल्या पाणी मागायची. हाताळायला कडक. माझा पाय उचलून धरायची आणि म्हणायची, "खाली ढकला. जोर लावा, ताई. अजून. बस. बस म्हटलं ना!"

तिचं म्हणणं, या आजारात थकेपर्यंत व्यायाम करायचा नाही. केला तर मागे जातं. मला ते पटत नव्हतं. आयुष्यभर जास्त काम केलं तर जास्त झालं, हेच बघत आले होते.

खांदे आले, मग कोपरं. मांड्यांत जोर आला. वॉकर धरून मी ओट्याच्या टोकापर्यंत जाऊ लागले. तेवढ्यात जूनमध्ये कोयी रुजल्या. तांबडी पानं मला खाटेवरून दिसायची. एका दुपारी घरात सासूबाईच होत्या, त्याही पेंगत. मी वॉकर घेतला आणि निघाले. वाफ्यापर्यंत पोचले. वाकून एका पानाला हात लावला आणि गुडघे गेले. मी रोपांवर पडले.

सासूबाईंना मला उचलता येईना. त्या माझ्या शेजारी चिखलात बसून राहिल्या आणि माझ्या डोक्यावर पदर धरला. नवरा येईपर्यंत आम्ही दोघी तशाच. "बघितलास ना गो कोंब?" त्या म्हणाल्या. "झाला समाधान?"

त्यानंतर ओट्याच्या टोकापर्यंतही जाता येईना. पाय पुन्हा मऊ पडले. रुबिना आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि स्कूटीची किल्ली बोटावर फिरवत म्हणाली, "ताई, गेटवर ती पाटी कोणी लावली हो?"

मी गेटकडे बघितलं.

"नाही, मी रोज वाचते म्हणून विचारलं. बाकीच्यांनी पट्टी सोडायची नाही, आणि तुम्ही स्वतःच सोडून बघायची?"

नवरा तोंड फिरवून हसला. कितीतरी दिवसांनी तो हसला होता.

चाकू

जुलैत हातात चमचा धरता यायला लागला. मी चाकू मागितला. मी पडले त्यातून वाचलेली रोपं कलमाच्या जाडीची झाली होती. तेजलने काड्या आणून दिल्या. पेरांना काही कळत नव्हतं, म्हणून सगळं डोळ्यांनी करायला लागले. पट्टी ओढताना एक टोक दातांत धरायचे. पाच-सहा बांधून झाली आणि तेजल ओरडली, "आई, रक्त!"

पट्टी लाल झाली होती. अंगठा चांगलाच कापला होता. मला ना कापल्याचं कळलं, ना आंब्याचा चीक त्यात झोंबल्याचं. नवऱ्याने चाकू हातातून काढून घेतला आणि घरात कुठेतरी ठेवून दिला.

"हात आले की देईन."

"चाकूशिवाय येणार कसे?"

"तुला दुखत नाही गं. मला दिसतं."



ती कलमं काळी पडली. सगळी. मी रोपांच्या पिशव्यांतली माती परत ढिगावर ओतायला सांगितली. त्या दिवसांत माझं एवढंच चालायचं. खायचे, व्यायाम करायचे, झोपायचे. हातांनी पुन्हा कलम बांधता येणार नाही, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. ठरवल्यावर बरं वाटलं, कारण मग वाट बघायला लागत नाही. शेलारच्या बाई, तुम्ही भिंतीकडे वळून पडला होतात ना, ते हेच आहे. मी ओळखते.

वाट बघायला लावलं ते रुबिनाने. ती मला कणकेचे गोळे, मग शर्टाची बटणं, मग वालाचे दाणे निवडायला द्यायची. ऑगस्ट संपत आला तेव्हा तिने कलमाचीच पट्टी मागितली आणि माझा अंगठा आणि पहिलं बोट त्यात जाड गुंडाळलं. मग नवऱ्याकडे हात पुढे केला. "भाई, चाकू."

तो उठेना.

"कापलं तर पट्टी कापेल. द्या. मी बसते इथे."

चाकू तांदळाच्या डब्यात होता. त्याने तो पुसून दिला आणि स्वतः माझ्यासमोर स्टुलावर बसला, दोन्ही हात माझ्या हातांखाली धरून, जसं काही चाकू निसटला तर तो झेलणार होता.

सीझन संपत आला होता. उशिरा रुजलेल्या कोयींची थोडी रोपं शिल्लक होती. एक कलम बांधायला पूर्वी मला चहा गाळायला लागतो तेवढा वेळ लागायचा. त्या दिवशी एकेकाला चहा करून, पिऊन, कप धुऊन होईल एवढा लागला. टोप्या चढवल्या. सावलीत ठेवली.

नंतर

नवरा रोज सकाळी शेडनेटमध्ये जाऊन उकिडवा बसायचा. हात पाठीमागे बांधून. एकदा म्हणाला, "एखादं उघडून बघू का? एकच."

"बघा. बदलून मिळणार नाही."

तो तसाच बसून राहिला.

गणपती येऊन गेले. एका सकाळी त्याची हाक आली. मी वॉकर घेऊन गेले, सावकाश. एका टोपीच्या आत तांबूस टोक दिसत होतं, पिशवीला टेकलेलं. शेजारच्या दोन टोप्यांतही होतं. बाकीच्या काड्या तशाच होत्या. पुढे त्यांतल्या आणखी काही धरल्या, काही काळ्या पडल्या. साधारण निम्मी जगली. पूर्वी माझं एखाददुसरंच जायचं.

नवरा म्हणाला, "जमलं गं तुला."

"निम्मं," मी म्हणाले.

मला आनंद झाला का? तेव्हा नाही. मी टोपी काढली, कोंबाला बोट लावलं. बोटाला काही कळलं नाही. मग मी बाकीच्यांना पाणी घातलं का ते विचारलं.

चप्पल अजून निसटायची. वॉकर सुटून काठी आली, काठीही सुटली, तरी चप्पल मागे राहायची आणि मी पुढे. घरात त्याची सवय झाली होती. तेजल, नवरा, सासूबाई, ज्याला दिसेल तो ओरडायचा, "चप्पल!" मी थांबायचे, ते आणून द्यायचे. ज्यांना हा आजार आहे त्यांनी मागे पट्टा असलेली सॅंडल घ्यावी. मला रुबिनाने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. वाफ्यात उतरायला चप्पलच बरी पडते.

परवा मी शेडनेटमधून एकटीच येत होते. नुकतंच पाणी सोडलं होतं. घराकडे चालता चालता डाव्या पायाला काहीतरी झालं. आधी कळेना काय. मग कळलं, की गार आहे. चिखल गार होता.

मागे वळले. चप्पल गुलाबांच्या वाफ्याशी रुतली होती. कोणी ओरडलं नव्हतं.

मी ती उचलायला गेले नाही. आधी पाय तसाच चिखलात ठेवून उभी राहिले. ओट्यावरून सासूबाईंनी विचारलं, "काय झाला गो? उभी का?"

"काही नाही," मी म्हणाले. "चिखल आहे."

"पाणी घातल्यावर चिखल न्हाय तर काय होईल?"

उजव्या पायाला अजून कळत नाही. मी रोज तपासून बघत नाही.